सही जुळत नाही

शनिवारी सकाळी अलकाच्या फोनवर निरोप आला की तिची सही तिची नाही. शब्द असे नव्हते अर्थातच. 'सादर केलेली स्वाक्षरी नोंदीतील स्वाक्षरीशी जुळत नाही, तीनपैकी एक प्रयत्न संपला आहे,' असं काहीसं हिंदीत आणि खाली तेच इंग्रजीत होतं, पण पंचवीस वर्षं सरकारी कागदांत बुडालेल्या माणसाला त्याचा साधा अर्थ लावायला वेळ लागत नाही. मी नुकताच खालून भाजी घेऊन आलो होतो. अलका आत पोळ्या लाटत होती, आमची मुलगी रेवती अंघोळीला गेली होती, आणि टेबलावर पडलेला फोन दोनदा थरथरला म्हणून मी सहज वाकून पाहिलं. निरोपाखाली दोन चित्रं शेजारी शेजारी होती. डावीकडे नोंदीतली सही, म्हणजे पॅन कार्डावरची. उजवीकडे आज सकाळी अलकानं कोऱ्या कागदावर कॅमेऱ्यासमोर केलेली. डावीकडची मी लगेच ओळखली, कारण ती मी केलेली होती. उजवीकडच्या सहीकडे मात्र मी कितीतरी वेळ बघत राहिलो. ठेंगणी, घाईची, डोक्यावर रेघ नसलेली. अलका मोघे. चोवीस वर्षं संसार केलेल्या बाईची सही, आणि मी ती आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. मी फोन उलटा करून ठेवला आणि कोथिंबीर निवडायला बसलो, जे काम मी एरवी कधीही करत नाही.

यात दोष कोणाचा म्हणायचा, तर पहिला माझा आणि दुसरा नव्या नियमांचा. रेवतीला नोएडातल्या एका खाजगी विद्यापीठात पर्यावरणशास्त्राच्या कोर्सला जागा मिळाली होती. बारावीच्या वर्षभर तिनं दुसरं कशाचं नाव काढलं नव्हतं. यमुनेच्या पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून आणायची, त्या बाटल्या फ्रिजमध्ये दह्याशेजारी ठेवायची, आणि अलका त्यांच्यावर चिठ्ठ्या डकवायची, 'पिऊ नये'. तिथली फी माझ्या पगाराला झेपणारी नव्हती. विद्यापीठाची मदत मिळाली तर जायचं, नाही मिळाली तर जागा सोडायची, हे आम्ही तिघं एकदाच बोललो होतो आणि पुन्हा तो विषय काढला नव्हता. त्या मदतीच्या अर्जाची तयारी मी वर्षभर आधी सुरू केली. आदल्या वर्षीचा फॉर्म मिळवला, त्याची फाइल उघडली, तिला रंगीत फ्लॅग लावले, सरावासाठी एक अर्ज पेन्सिलीनं भरूनही ठेवला. लग्नकार्याला करतात तशी माझी तयारी झाली होती. आणि एप्रिलात विद्यापीठानं नियमच बदलले. पूर्वी कुटुंबप्रमुखानं सगळ्यांच्या वतीनं लिहायचं आणि एक सही ठोकायची. आता घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसानं आपला भाग आपल्या फोनवरून भरायचा, आपल्या नंबरावर आलेला ओटीपी टाकायचा, आणि कोऱ्या कागदावर कॅमेऱ्यासमोर आपल्या हातानं सही करायची, ती पॅन कार्डाशी ताडून पाहिली जाणार. माझी फाइल एका रात्रीत रद्दी झाली. नवे नियम मी तीनदा वाचले. वाचताना नियम बनवणाऱ्याचं मला कौतुकच वाटलं, मसुदा चांगला होता. आपल्याच घराला तो लागू होतो हे काही केल्या डोक्यात शिरलं नाही. पेन्सिलीच्या अर्जात अलकाच्या नावापुढे मी 'गृहिणी' लिहिलं होतं. ती सहा वर्षं कॉलनीतल्या नर्सरीत शिकवते, रोज साडेसातला घरातून बाहेर पडते, तिचा डबा मीच कधीकधी भरतो, आणि तरी मी 'गृहिणी' लिहिलं होतं. तिला आपला भाग भरताना ते खोडायचीही गरज नव्हती. तिनं सरळ 'शिक्षिका' लिहिलं.

आमच्या घरात एक रीत पडून गेली होती. बाहेरच्या खोलीत कागद पसरून मी ओरडायचो, "अलका, सही करतो गं." आतून उत्तर यायचं, "करा." कधी कुकरच्या शिट्टीत ते 'करा' ऐकू यायचं नाही, तरी मी ते आलं असं धरून चालायचो. बँकेचे कागद, गॅसचं पुस्तक, दवाखान्याचं कार्ड, क्वार्टर बदलताना लागलेली हमीपत्रं, रेवतीच्या शाळेची डायरी. दिल्लीत अलका आली तेव्हा तिला हिंदी धड येत नव्हतं आणि इथल्या खिडक्यांवरची माणसं तिच्याशी बोलताना उगाच आवाज चढवायची. तिला त्या खिडक्यांपाशी न्यायला मला नको वाटायचं. तू नको त्रास घेऊस, मी बघतो, असं मी म्हणायचो, आणि त्यात प्रेमच होतं, आजही मला ते प्रेमच वाटतं. पण माणूस एकदा 'मी बघतो' म्हणायला लागला की पुढे तो काय काय बघेनासा होतो, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. चोवीस वर्षांत तिच्या नावाचे किती कागद माझ्या हाताखालून गेले असतील. त्या सगळ्यांवर एकच सही होती, एकसारखी, कुठे अर्ध्या रेषेचा फरक नाही. माझी स्वतःची सही दर दोनचार वर्षांनी बिघडत गेली, बँकेनं दोनदा परत पाठवली. अलकाची कधीही परत आली नाही.

आणि याच काळात मी ऑफिसात काय करत होतो, तेही सांगून टाकायला हवं. आमच्या सेक्शनला दामू नावाचा एक शिपाई होता, रत्नागिरीकडचा, इतक्या लांब एकटाच राहायचा. त्यानं आजारी आईच्या संमतीपत्रावर स्वतःच सही करून औषधांचं बिल लावलं होतं. आई झोपून होती, हात उचलत नव्हता, दुसरं काय करणार होता तो. ते प्रकरण माझ्या टेबलावर आलं, आणि मी नोटिंगमध्ये 'गंभीर स्वरूपाचे गैरवर्तन' असे शब्द लिहिले. त्याची वेतनवाढ थांबली. त्यानं मला कधी काही म्हटलं नाही, उलट दिवाळीला गावाहून आलेले पोहे आणून दिले. त्याच आठवड्यात मी अलकाची सही चार ठिकाणी केली होती. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात शेजारी शेजारी राहत होत्या आणि त्यांची एकमेकींशी साधी ओळखही नव्हती. कोथिंबीर निवडता निवडता त्या शनिवारी पहिल्यांदा मला दामूचं तोंड लख्ख आठवलं, आणि मला लाज वाटली.

जेवणं झाल्यावर मी सांगितलं. आधी सांगायला हवं होतं, पण भुकेल्या पोटी वाईट बातमी देऊ नये असं आमची आई म्हणायची, आणि सोयीची असतात तेव्हा मी तिची वाक्यं पाळतो.

"अलका, तुझी सही परत आली."

"परत आली म्हणजे? काही चुकलं का माझं?"

"चुकलं नाही. जुळली नाही. पॅन कार्डाशी."

तिनं ताटं गोळा करता करता थांबून माझ्याकडे पाहिलं. पॅन कार्डावर कोणाची सही आहे हे विचारायची वेळ तिच्यावर आली नाही. ती खुर्चीवर बसली आणि उष्ट्या हातानं कपाळावरचे केस मागे सारायला गेली, मग हात उष्टा आहे हे आठवून मनगटानं सारले.

"म्हणजे मी केलेली खोटी," ती म्हणाली, "आणि तुमची खरी."

"त्यांच्या लेखी."

"बाबा, सीरियसली?" रेवती म्हणाली. "पॅन कार्डपण तूच केलंस? डायरीचं मला थर्डपासून माहितीये. आईच्या सहीला खाली लांब शेपटी असली की बाबानं केलीय. आईनं केली असती तर हळदीचा डाग असता." ती हसली, मग तिचं हसणं मधेच विझलं. "पण यार, आता? मंडेला पाच वाजता पोर्टल लॉक होणार. तीन चान्सेस संपले की फॉर्मच कॅन्सल. लिहिलंय तसं."

"तू काळजी करू नकोस," मी म्हटलं.

"तू असं म्हणतोस ना, तेव्हाच मला काळजी वाटते," ती म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली. दार तिनं आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी गॅलरीत जाऊन दिलीपला फोन लावला. दिलीप आमच्याच मंत्रालयातला, मूळचा नागपूरचा, सगळ्या अडचणींवर त्याच्याकडे तोडगा असतो. "अरे, इतकं काय त्यात," तो म्हणाला. "वहिनींना म्हणावं, कार्डावरची सही गिरवून पाठ कर. दोन दिवस आहेत ना? बच्चे लोग चौदा खडी शिकतात, वहिनींना एक सही नाही येणार? बिल्कुल जमेल. आणि ऐक, कोणापुढे काही कबूल करू नकोस. आपली नोकरी कशी आहे माहितीये ना." मला माहीत होतं. नियम मलाच पाठ होते. खाली रस्त्यावर ऊन असं पसरलं होतं की एकही माणूस दिसत नव्हता, फक्त गेटवरचा गार्ड ओला गमछा डोक्यावर घेऊन बसला होता.

तर त्या शनिवारी दुपारी कूलरसमोर बसून मी माझ्या बायकोला तिची सही शिकवली. हे वाक्य लिहिताना आजही मला अवघडल्यासारखं होतं. माझ्या रद्द झालेल्या फाइलीतले कागद पाठकोरे होते, तेच तिनं घेतले. मी वर एक नमुना काढून दिला. तिनं खाली गिरवायला सुरुवात केली. नर्सरीतल्या पोरांना ती जसं सांगते तसं मी तिला सांगत होतो, आधी अ चं पोट, मग दांडी, ल जरा उभा, आता का, आणि का च्या कान्याखालून उलटी रेघ काढून नावाखाली मागे न्यायची. तिला ती रेघ जमत नव्हती. दर वेळी कान्यापाशी तिचा हात संपायचा.

"ही शेपटी कुठून काढलीत तुम्ही?" तिनं विचारलं.

मला वाटलं होतं तिला माहीत असेल. मी म्हटलं, "तुझीच आहे."

"माझी? मी कधी केली अशी?"

मग मला सांगावं लागलं. आमचं लग्न ठरल्यावर मी दिल्लीहून तिला तीन पत्रं लिहिली होती आणि तिनं सांगलीहून एकच उत्तर पाठवलं होतं. त्यात परीक्षेचं लिहिलं होतं, कृष्णेला पाणी किती आलंय ते लिहिलं होतं, आणि दिल्लीत ज्वारीचं पीठ मिळतं का अशी चौकशी होती. शेवटी सही. अलका, आणि कान्याखालून सुटलेली ती रेघ, सगळ्या नावाखालून उलटी जाऊन अ च्याही पलीकडे पोचलेली. मी ते पत्र ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचो आणि लंचमध्ये काढून वाचायचो. लग्नानंतर आमच्या पहिल्याच थंडीत अलकाला टायफॉइड झाला. आम्ही तेव्हा सरोजिनी नगरला एका खोलीत होतो. बँकेत दोघांचं मिळून खातं उघडायचं होतं, त्याशिवाय माझा पगार अडकला होता, आणि फॉर्म त्याच दिवशी द्यायचा होता. ती रजईखाली तापानं फणफणली होती. मी विचारलं, सही करशील का? तिनं डोळे न उघडता म्हटलं, करून टाका. मी ऑफिसात गेलो, दार लोटून घेतलं, ते पत्र समोर ठेवलं आणि तासभर सराव केला. मोघे हे तिच्या पत्रात नव्हतंच, ते मी तिच्या अलकाला शोभेल असं काढलं. फॉर्मवर पेन टेकवायला मी कितीतरी वेळ लावला. खोटं करतोय म्हणून नव्हे, बिघडली तर काय, म्हणून. तिच्या नावाला मी त्या दिवशी जितकं जपून हात लावला, तितकं जपून नंतर तिच्याशी वागलो असेनच असं नाही.

 कूलरच्या पाण्याला वाळ्याचा वास येत होता. तिनं पेन उचललं आणि पुन्हा लिहायला लागली. मी पाहत होतो असं मला म्हणायचं आहे, पण खरं सांगायचं तर मी कागदाकडे पाहत होतो, जुळतंय का, हे. ओळीमागून ओळी झाल्या. चहाच्या वेळेपर्यंत तिला रेघ सापडली. पुढच्या ओळीत तर माझी कुठली आणि तिची कुठली हे मलाही सांगता आलं नसतं. मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ टाळी वाजवली.

"ही मुलगी बरी होती हो," ती त्या ओळीकडे बघत म्हणाली. "सावकाश सही करायची. शेपटी काढायला वेळ होता तिला."

"मग आता लगेच फोन काढ, कॅमेरा धरतो मी. हात बसलाय तोवर करून टाकू."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे ही नको." तिनं पेनाला टोपण लावलं. "अहो, मी रोज सही करते. शाळेच्या मस्टरवर. सहा वर्षं झाली. दारात पालक पोरं घेऊन उभे असतात, पोरं पदराला लोंबकळत असतात, डोक्यावरची रेघ काढत कोण बसतंय? ती माझी सही आहे. चांगली नसेल. पण तिच्यावर मला पगार मिळतो आणि त्याच पगाराचं मी त्या फॉर्ममध्ये लिहिलंय. आणि सही मात्र बावीस वर्षांच्या पोरीची करायची? ती कुठे कमवत होती?"

"अलका, प्रश्न कोणाची सही चांगली हा नाहीये. प्रश्न रेवतीच्या जागेचा आहे."

"मला कळत नाही का ते?" तिचा आवाज चढला नाही, पण बारीक झाला. "पोरीच्या कागदावर आयुष्यात एकदा मला माझी सही करू द्या. नाही झालं तर मी सांगेन तिला, माझ्यामुळे गेलं. तुम्ही नका सांगू."

आमच्या चोवीस वर्षांत अलकानं मला इतकं स्पष्ट 'नाही' दोनदा किंवा तीनदा म्हटलं असेल. मला राग आला. उरलेल्या दोन प्रयत्नांपैकी एक या हट्टात जाणार, दुसरा घाबरून, आणि रेवती कुठल्यातरी कॉलेजात नावडत्या विषयाच्या बाकावर जाऊन बसणार, हे मला समोर दिसत होतं. रात्री आम्ही एकमेकांना पाठ करून झोपलो. रविवार असाच गेला. मी नवे नियम पुन्हा काढून वाचत बसलो, आणि शेवटच्या पानावर, माझ्यासारख्या माणसाच्या नजरेतून ते सुटलं कसं कोण जाणे, एक कलम सापडलं. कालांतराने स्वाक्षरी बदलली असल्यास अर्जदाराने वा कुटुंबातील कमावत्या व्यक्तीने अंतिम मुदतीपूर्वी नोएडा येथील साहाय्य केंद्रावर प्रत्यक्ष उपस्थित राहावे. मी ते कलम अलकाला वाचून दाखवलं. ती भाजी फोडणीला टाकत होती. "मग जाऊ की," ती म्हणाली.

सोमवारी मी अर्धी रजा टाकली. अलका शाळेतून परस्पर आयएनएच्या मेट्रो स्टेशनवर आली, कुर्त्याच्या बाहीवर कोणा पोराच्या निळ्या रंगाची बोटं उमटली होती. आम्ही पिंक लाइननं मयूर विहारला जाऊन तिथे गाडी बदलली. डब्यात एसीचा गारवा इतका होता की बाहेर चव्वेचाळीस डिग्री आहेत हे खोटं वाटत होतं. अलका माझ्या खांद्याला डोकं टेकून झोपली. त्या एका वाक्यापलीकडे शनिवारपासून चाललेला अबोला तिनं झोपेत मोडला होता, जागेपणी मोडला असता की नाही माहीत नाही. मी हललो नाही. यमुना ओलांडताना खाली पाणी कमी आणि वाळू जास्त दिसली, आणि आपल्या मुलीला यात काय दिसत असेल असं नेहमीप्रमाणे मनात आलं. पण त्या वेळी मी मुख्यतः एकाच प्रश्नाचं उत्तर पाठ करत होतो. तिथली बाई विचारणार, जुनी सही कोणी केली? मी म्हणणार, हिनंच. अलका माझ्याकडे बघणार. की मी म्हणणार, मी केली? मग ती बाई विचारणार, आप क्या करते हैं? आणि मी म्हणणार, केंद्र सरकार. प्रत्येक स्टेशनावर मी नवं उत्तर तयार करत होतो आणि पुढच्या स्टेशनावर ते रद्द करत होतो. सेक्टर बासष्टला उतरताना माझ्याजवळ एकही उत्तर उरलं नव्हतं.

केंद्रात आमच्यासारखीच माणसं भरली होती. कोणाचे वडील गावाहून आले होते, कोणाची आई बुरख्यात एकटीच आली होती आणि फोन हातात घट्ट धरून बसली होती. प्रत्येकाच्या घरात कोणीतरी कोणाच्या तरी वतीनं सह्या करत आलं असणार, असं मला उगाच वाटून गेलं आणि जरा धीर आला. आमचा नंबर लागला तेव्हा साडेचार वाजत आले होते. काउंटरवर एक तरुण बाई होती, गळ्यात ओळखपत्र, थकलेली पण सभ्य. तिनं अलकाचं पॅन कार्ड आणि फोनवरचं चित्र शेजारी ठेवून पाहिलं.

"मैडम, ये दोनों तो बिल्कुल अलग हैं. पुरानी वाली किसने की थी?"

 मी तोंड उघडायच्या आत अलका बोलली. तिचं हिंदी आता चांगलं आहे, माझ्यापेक्षा चांगलं.

"पुरानी भी मेरी है. शादी से पहले मैं ऐसे ही साइन करती थी. बाईस साल की थी. अब ऐसे करती हूँ."

एक अक्षर खोटं नव्हतं. तिनं मला झाकलं, आणि खोटं न बोलता झाकलं. हे तिला केव्हा सुचलं असेल, शनिवारी, गाडीत, की आत्ता, कळायला मार्ग नव्हता. माझे डोळे भरून आले. एवढ्या माणसांत पन्नाशीच्या पुढचा माणूस रडताना दिसू नये म्हणून मी तोंड फिरवून कोपऱ्यातल्या पाण्याच्या मशीनकडे बघू लागलो. तिथे ठेवलेले कागदी पेले मोजले. मागे ती बाई सांगत होती, हा बदलाचा फॉर्म, इथे तीन वेळा नवी सही, खाली कोणीतरी ओळखीच्यानं सही करायची. कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. मग अलकानं माझ्या कोपराला हात लावला.

"अहो, तुमची राहिली. इथे."

मी पेन हातात घेतलं. वर तीन सह्या होत्या, ठेंगण्या, रेघ नसलेल्या. खाली छापलं होतं, 'उपरोक्त हस्ताक्षर मेरे समक्ष किए गए,' आणि त्याखाली माझ्या नावाची रिकामी जागा. असं वाक्य मी नोकरीत किती कागदांवर पाहिलंय आणि किती वेळा त्याखाली सही केलीय. माणूस कँटीनमध्ये चहा पीत असायचा, त्याचा कागद माझ्या टेबलावर यायचा, आणि माझ्या समक्ष झालं असं मी लिहून द्यायचो. तसंच आत्ताही करता आलं असतं. भिंतीवरच्या घड्याळात पाचला वीस मिनिटं कमी होती. मागे रांग होती. पेन टेकवलं आणि मला ते पुढे सरकवता येईना.

"मैडम," मी म्हटलं, "दूसरा फॉर्म मिलेगा?"

"क्यों, ग़लत हो गया?"

"नहीं. मैंने देखा नहीं."

तिला कळलं नाही. अलका माझ्याकडे बघत होती. मी मराठीत म्हटलं, "मी तिकडे बघत होतो. परत कर."

"अहो, पाच वाजतायत. काय वेड लागलंय का? घ्या, करा सही आणि द्या. पोरीचं काही वाटतं की नाही तुम्हाला?"

"वाटतं. परत कर, अलका. मी बघितली नाहीये. एकदाही नाही बघितली."

ती रागावणार असं वाटलं. तिच्या ओठांची हालचालही तशी झाली. पण ती थांबली, आणि माझ्या चेहऱ्याकडे असं पाहिलं की मला मान खाली घालावीशी वाटली. काउंटरवरच्या बाईनं उसासा टाकून ड्रॉवरमधून कोरा फॉर्म काढला, "जल्दी कर लीजिए, अंकल," म्हणाली आणि पुढच्या माणसाला बसायची खूण केली.

अलकानं फॉर्म सरळ ठेवला नाही, जरा तिरका ठेवला, डावीकडे कलता. डावा तळहात कागदावर पसरला, कागद पळून जाईल की काय अशी भीती असल्यासारखा. पेन ती खूप खाली धरते, निबच्या अगदी जवळ, मला हे माहीत नव्हतं. अ काढताना खालचा ओठ दातांत धरला. ल झाल्यावर हात एक क्षण उचलला, हवेत थांबला, मग का. कान्यापाशी ती थांबली नाही, तशीच मोघेवर गेली, आणि शेवटच्या मात्रेला तिचा अंगठा पांढरा पडला इतका तिनं दाब दिला. माझं आडनाव ती असं दाबून लिहिते, रोज, सहा वर्षं, पोरांच्या गलक्यात. तिच्या मनगटावर तव्याचा एक जुना चटका होता आणि बाहीवरची ती निळी बोटं कागदाच्या कडेला घासत होती. दुसरी सही पहिलीसारखी झाली नाही. तिसरी करताना तिला मी बघतोय हे जाणवलं आणि ती अठरा वर्षांच्या मुलीसारखी लाजली, हसू दाबलं, त्यात ल जरा वाकडा गेला.

"झालं का बघून?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हटलं. मग मी वाकून खाली माझी सही केली, तारीख घातली, वेळ घातली, चार वाजून पन्नास, आणि कागद बाईंकडे दिला.